पाहायचे राहिलेले आणि आता पाहताच न येणारे

सिनेमाचं वेड असलेल्या प्रत्येक माणसाकडे एक यादी असते. 'पाहायचे राहिलेले' अशी. कुणाची वहीच्या मागच्या पानावर, कुणाची मोबाईलमध्ये, कुणाची नुसतीच डोक्यात. माझी स्प्रेडशीटमध्ये आहे (सॉफ्टवेअरवाल्याची अजून कुठे असणार?). सिनेमाचं नाव, साल, दिग्दर्शक आणि शेवटचा रकाना 'पाहिला का?'. या रकान्यात 'नाही' लिहिलेल्या ओळी इतक्या आहेत की एखाद्या रखडलेल्या प्रोजेक्टची बग लिस्टसुद्धा तिच्यापुढे आटोपशीर वाटावी.

या याद्यांची गंमत अशी की त्या वाढत जातात आणि त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. शांतारामांचा 'माणूस' पाहायचा राहिलाय? पाहू की! १९३९ पासून थांबलाय, अजून एक रविवार थांबेल. सिनेमा काय पळून जातोय का कुठे?

तर मंडळी, आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. कारण सिनेमे पळून जातात. आपल्याकडचे तर फार मोठ्या संख्येने गेलेत.

मध्यंतरी मी माझ्या स्प्रेडशीटमध्ये एक रकाना वाढवला: 'कुठे मिळेल?'. हेतू अगदी साधा होता. कुठला डीव्हीडीवर आहे, कुठला यूट्यूबवर, कुठल्यासाठी पुण्याच्या फिल्म अर्काइव्हच्या खेळाची वाट पाहावी लागेल, हे एका जागी असावं. पहिल्या पन्नास-साठ ओळी भराभर भरल्या. मग यादीचा जुना भाग आला आणि त्या रकान्यात एकाखाली एक तेच उत्तर यायला लागलं. कुठेच नाही.

'पुंडलिक', १९१२, दादासाहेब तोरणे. कुठेच नाही. 'लंका दहन', १९१७, दादासाहेब फाळके. एकाच नटाने, अण्णा साळुंख्यांनी, राम आणि सीता दोन्ही केले होते तो हा सिनेमा. काही तुकडे सोडले तर नाही. 'सैरंध्री', १९२०, बाबूराव पेंटर. हा पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. नाही. 'सिंहगड', १९२३, पुन्हा पेंटर. कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण करण्याचे आपल्याकडचे सुरुवातीचे प्रयोग ज्यात झाले तो. नाही. आणि मग 'सावकारी पाश', १९२५.

'सावकारी पाश' माझ्या यादीत कॉलेजपासून आहे. भारतीय सिनेमाच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात याचा उल्लेख सापडतोच. सगळीकडे देवदेवता आणि राजेमहाराजे पडद्यावर नांदत होते, तेव्हा कोल्हापूरच्या एका चित्रकाराने, स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवणाऱ्या माणसाने, सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरात गिरणीत राबायला गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, वय चोवीसच्या आसपास. भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. शेतकऱ्याने जमीन सोडून शहराची वाट धरायची ही गोष्ट पुढे आपल्या सिनेमात किती वेळा आली हे मी सांगायला नको.

आता गंमत पाहा. 'पहिला वास्तववादी चित्रपट' असं लिहिणाऱ्या आजच्या कुणीही तो पाहिलेला नाही. पाहूच शकत नाही. त्याच्याबद्दल आपण जे काही बोलतो ते आठवणींवरून, जुन्या लेखांवरून आणि एकमेकांच्या पुस्तकांवरून. पेंटरांनीच १९३६ साली या गोष्टीवर बोलपट केला, पण तो वेगळा सिनेमा. १९२५ चा मूकपट खरोखर किती चांगला होता? त्या तरुण शांतारामांचा अभिनय कसा होता? या प्रश्नांना आता उत्तर नाही.

१९१३ ते १९३४ या काळात भारतात तेराशेच्या वर मूकपट बनले. त्यातले पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण उरलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि काहींचे फक्त तुकडे. 'राजा हरिश्चंद्र'चंच घ्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशन थेटरात लागलेला, चार रिळांचा, सुमारे चाळीस मिनिटांचा चित्रपट. आज हातात आहेत पहिलं आणि शेवटचं रीळ. तीही मूळ १९१३ च्या चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गहाण पडले, त्यांनी युनिटचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं केली, त्या मेहनतीची ही शिल्लक.

हे असं का झालं? एकाच खलनायकावर खापर फोडता आलं असतं तर बरं झालं असतं. पण इथे तीन-चार कारणं एकत्र आली.

पहिलं कारण रसायनशास्त्राचं. १९५० च्या आसपासपर्यंत सिनेमाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. चित्र सुंदर उमटायचं, पण हा पदार्थ बंदुकीत वापरतात त्या गनकॉटनचा सख्खा भाऊ. एकदा पेटला की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो. त्यामुळे पाणी ओता, वाळू टाका, पेटलेलं रीळ विझत नाही. आणि पेटला नाही तरी तो कुजतो. आधी चित्र फिकं होतं, मग फिल्म चिकट होते, थर एकमेकांना चिकटतात, आणि शेवटी डब्यात उरते तपकिरी भुकटी. कुजताना जे वायू बाहेर पडतात ते कुजणं आणखी वाढवतात. मुंबईची दमट हवा आणि बंद डबा, म्हणजे विचारायलाच नको.

दुसरं कारण पैशाचं. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. सिनेमा थेटरातून उतरला, गावोगाव फिरून प्रती झिजल्या, आता त्याचं करायचं काय? मूकपटांना तर १९३१ नंतर, बोलपट आल्यावर, कुणी विचारेना. अशा वेळी रिळं विकली की चांदीचे पैसे तरी सुटत. १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये लागलेला 'आलम आरा', भारताचा पहिला बोलपट, आज उपलब्ध नाही. फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर त्याच्या शोधात अर्देशीर इराणींना भेटायला गेले होते. इराणींना वाटत होतं की काही रिळं स्टुडिओत कुठेतरी असतील. नायरांनी सांगितलेली हकीगत अशी की नंतर इराणींच्या मुलाने त्यांना हळूच सांगितलं, रिळं आता नाहीत, चांदी काढायला ती मीच दिली.

मला या मुलाचा राग येत नाही. त्याच्या दृष्टीने ते गोडाऊनमधलं जुनं, धोकादायक सामान होतं. आपण ऑफिसात जुन्या सर्व्हरच्या डिस्क भंगारात देतो तेव्हा कुठे विचार करतो?

तिसरं कारण आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल: बॅकअप नव्हता. प्रती मोजक्या, आणि त्या एकाच देशात, बहुतेकदा एकाच शहरात. जे वाचले ते कसे वाचले हे पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. हिमांशु राय आणि फ्रांझ ऑस्टेन यांचे 'प्रेम संन्यास' (१९२५), 'शिराझ' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) आज उत्तम अवस्थेत पाहता येतात, कारण ते युरोपातल्या कंपन्यांबरोबर केलेले होते आणि त्यांच्या प्रती युरोपात राहिल्या. 'बिल्वमंगल' हा १९१९ चा मूकपट गेला असंच धरलं होतं. त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये निघाला आणि २०१६ मध्ये त्याची डिजिटल प्रत पुण्यात आली. आणि मल्याळममधला 'मार्तंड वर्मा' (१९३३) कसा वाचला? ज्या कादंबरीवर तो बेतला होता तिच्या प्रकाशकाने कॉपीराइटचा दावा ठोकला, सिनेमा बंद पडला, प्रत जप्त झाली आणि प्रकाशकाकडे पडून राहिली. थेटरात चालला असता तर फिरून फिरून झिजून संपला असता. १९७४ मध्ये ती प्रत नायरांनी अर्काइव्हसाठी मिळवली. निर्मात्याला बुडवणाऱ्या खटल्याने सिनेमा वाचवला!

नायरांचं नाव दोनदा आलं, तर त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली सुरू झालं. म्हणजे फाळके जाऊन वीस वर्षं झाली होती आणि मूकपटांचा काळ संपून तीस. केरळातून आलेला हा माणूस १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या संस्थेत राबला. नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून रिळं मिळव, कुठल्या बंद स्टुडिओच्या गोडाऊनमध्ये शिर, डबेच्या डबे घेऊन रेल्वेने पुण्याला ये. 'कालिया मर्दन' (१९१९) आज बराचसा पाहता येतो, त्यात फाळक्यांची चिमुरडी मंदाकिनी कृष्ण होऊन पाण्यात उतरलेली दिसते, ती या खटाटोपामुळे. नायर निवृत्त झाले तेव्हा संग्रहात सुमारे बारा हजार चित्रपट होते, त्यातले आठ हजारांच्या आसपास भारतीय. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी त्यांच्यावर २०१२ मध्ये 'सेल्युलॉईड मॅन' हा माहितीपट केला. (तो तुमच्या यादीत नसेल तर टाका. आणि टाकून ठेवू नका, पाहा.) नायर २०१६ मध्ये गेले.

अर्काइव्हमध्ये आलं म्हणजे कायमचं वाचलं, असंही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि हजारो रिळं गेली. हे आवार म्हणजे जुना प्रभात स्टुडिओ. या आगीनंतर 'आलम आराची शेवटची प्रत जळाली' अशी बातमी पसरली आणि ती अजूनही इंटरनेटवर फिरते. नायरांनी ती वेळोवेळी खोडून काढली. आलम आरा अर्काइव्हमध्ये कधी आलाच नव्हता. तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. या अफवेचा मी बराच विचार केला. मला वाटतं, ती पसरली कारण ती सोयीची आहे. आगीत गेलं म्हटलं की अपघात होतो. कुणी मागितलं नाही, कुणी जपलं नाही, हळूहळू गेलं, हे ऐकायला जास्त जड जातं.

आता प्रभातचा विषय निघालाच आहे तर 'संत तुकाराम'कडे वळतो. हा माझ्या यादीत बरीच वर्षं 'नाही'मध्ये होता. घरातल्या प्रत्येकाने पाहिलेला, गाणी पाठ, म्हणून आपणही पाहिल्यासारखंच वाटतं. अभिजात सिनेमांचं हे नेहमीचंच. न पाहताच ते आपल्या ओळखीचे झालेले असतात. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट डिसेंबर १९३६ मध्ये आला, मुंबईत सेंट्रल सिनेमात वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेलं एक पद इतकं तुकोबांच्या वळणाचं आहे की अनेकांना ते गाथेतलंच वाटतं.

अखेर पाहिला तो एका शनिवारी रात्री, यूट्यूबवर, हेडफोन लावून. भक्तिपट म्हणून सोशिकपणे बसलो होतो. पण विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांसमोर गौरीबाईंची आवली आली आणि मी सरसावून बसलो. देव, भक्ती सगळं मान्य, पण पोरांच्या पोटाचं काय, असं विचारणारी ही बाई. भांडते, तोंड सोडते, आणि तिचा प्रत्येक शब्द खरा वाटतो. शेवटी तुकोबा वैकुंठाला जातात आणि ती मागे राहते, तेव्हा चमत्काराच्या विमानापेक्षा माझं लक्ष तिच्याकडेच होतं. नव्वद वर्षांपूर्वीच्या सिनेमात!

या चित्रपटात गाथा इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग आहे, तुम्हाला माहीतच आहे. देव ती पाण्यातून वर काढतो. ज्यांचा चमत्कारावर विश्वास नाही ते म्हणतात की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून गाथा तरली. मला हा खुलासा फार आवडतो. पण तो ऐकताना 'सावकारी पाश' आठवतो. अभंग माणसाच्या तोंडी जगतो. ओवी जगते, पोवाडा जगतो. सिनेमा तसा जगत नाही. पाहणाऱ्या हजार माणसांनी मिळून आठवला तरी त्यातली एक फ्रेम परत उभी राहत नाही. तो वस्तूवर अवलंबून आहे, आणि वस्तू कुणीतरी सांभाळावी लागते. 'तुकाराम' आपल्याला मिळाला, कारण १९५३ मध्ये प्रभात बंद पडल्यावर पुढे विष्णुपंत दामल्यांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी प्रभातचे चित्रपट मिळवले आणि त्या कुटुंबाने ते जपले. 'अयोध्येचा राजा' (१९३२), 'कुंकू' (१९३७), 'शेजारी' (१९४१) हे आज आपण घरबसल्या पाहतो ते त्यामुळे.

नायट्रेटचा जमाना गेला म्हणून निर्धास्त व्हावं असंही नाही. नंतरची ॲसिटेट फिल्म जळत नाही, पण उष्ण दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा वास सुटतो आणि ती आक्रसते. २०१० नंतर थेटरं डिजिटल झाली, फिल्म धुणाऱ्या लॅब एकामागून एक बंद पडल्या, आणि त्यांच्याकडे ठेवलेल्या निगेटिव्हज पोरक्या झाल्या. पुस्तकांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवण्याचा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. सिनेमासाठी तसा सरसकट कायदा नाही. हार्ड डिस्कबद्दल तर मी तुम्हाला काय सांगणार? पाच वर्षं कपाटात पडलेली डिस्क चालू होईलच अशी पैज आपल्यातला कुणी घेईल?

चांगल्या गोष्टीही घडताहेत. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हज १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या जळक्या रिळांवर सुमारे हजार तास हाताने काम केलं. 'पथेर पांचाली'ची जवळपास चाळीस टक्के निगेटिव्ह वापरता आली, बाकीचं दुसऱ्या प्रतींवरून घेतलं, आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट नव्याने दाखवले गेले. डुंगरपूर यांच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला बेनेगलांचा 'मंथन' २०२४ मध्ये कान महोत्सवात लागला. पुण्याचं संग्रहालय २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झालं, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून सुमारे बावीसशे चित्रपटांच्या पुनरुज्जीवनासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर झाले.

पण बावीसशे म्हणजे कुठले बावीसशे? कुणाचा नंबर आधी? राय आणि बेनेगल यांचा लागणारच, लागायलाच हवा. एखाद्या १९६०-७० च्या दशकातल्या, फारशा न चाललेल्या मराठी चित्रपटाचा नंबर कधी येणार? जो सिनेमा लोक मागतात त्याची प्रत निघते. ज्याचं नाव कुणी काढत नाही तो डब्यात राहतो, आणि डब्यातला सिनेमा आत जिवंत आहे की भुकटी झालाय हे डबा उघडून रीळ चालवल्याशिवाय कळत नाही. आपल्या धंद्यातला जुना नियम: रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच.

म्हणून मी आता 'पाहायचे राहिलेले' हा प्रकार जरा गांभीर्याने घेतो. त्यात अपराधी वगैरे वाटण्यासारखं काही नाही. सगळं पाहून कुणाचंच होत नाही. फक्त यादीचा क्रम मी बदलला. जे गाजलेले आहेत, ज्यांच्या चार ठिकाणी चांगल्या प्रती आहेत, ते खाली. 'गॉडफादर' कुठे जात नाही. ज्यांची एखादीच धूसर प्रत कुठेतरी लटकून आहे ते वर. ते पाहायचे, त्यांच्याबद्दल बोलायचं, अर्काइव्हच्या खेळाला गर्दी करायची, चार जणांना न्यायचं. एवढ्याने सिनेमे वाचतात असा माझा दावा नाही, पण रिकाम्या खुर्च्यांसाठी कुणी रिळं दुरुस्त करत बसत नाही हेही तितकंच खरं.

आणि जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या आजोळी, जुन्या वाड्यात, माळ्यावर, एखाद्या बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजवाल्या नातेवाइकाकडे पत्र्याचे गोल चपटे डबे पडलेले असतील तर ते भंगारात देऊ नका. उन्हात किंवा देवघराच्या दिव्याजवळ उघडू नका, रीळ उलगडून पाहण्याचा मोह आवरा. पुण्यात लॉ कॉलेज रोडवर संग्रहालयाचं ऑफिस आहे, त्यांना कळवा. बहुतेक वेळा काहीतरी किरकोळच निघेल, जुनी जाहिरात नाहीतर न्यूजरील. तरीही कळवा. 'बिल्वमंगल' परत येईल असंही कुणाला वाटलं नव्हतं.

असो. 'माणूस' मात्र मी या रविवारी पाहतोय. तुमच्या यादीत काय आहे आणि त्यातलं कुठे काय मिळतं, ते जरूर सांगा.